ग्रंथांस ज्ञाती नसते
(कामथडी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



येथील मुलांसाठी यंदाच्या शिलकेतून एक कपाट घ्यावे व त्यात पाश्चात्त्यांचे श्रेष्ठ ग्रंथ मराठीतून ठेवावेत, अशी सूचना आम्ही केली होती. त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "ज्ञानेश्वर-तुकाराम घरी असता परक्याच्या दारी कशाला जावे?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य होय.

त्या दारी जाण्याचा प्रघात आपल्याकडे नवा नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1852 साली साक्रेतिसाचे चरित्र मराठीत आणले. आगरकरांनी 1883 साली 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर प्रसिद्ध केले. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे मराठी वेशातला ऑथेल्लोच. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचा 'वॉल्डन' मराठीत आणला. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत मांडले आणि पुढे त्याच हाताने ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' अर्वाचीन मराठीत उतरविला. बाहेर जाऊन आलेला मनुष्य घराला पारखा होतोच असे नाही. कित्येकदा घराची खरी किंमत त्यालाच कळते.

तथापि या कपाटाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून आम्हास राहवत नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचा माणसाच्या हक्कांवरील ग्रंथ वाचला आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले व तेथे जॉन ड्यूईंचे विद्यार्थी झाले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी 1936 साली त्यांनी लिहिलेल्या भाषणात या गुरूचे ऋण नमूद आहे. भाषणातील विचार न झेपल्याने मंडळाने संमेलनच रद्द केले! तेव्हा असे ग्रंथ घरात आले की ते आपल्यालाही विचारणार : जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारे तुम्ही कोण? ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे अवघड आहे. परंतु हा प्रश्न ऐकण्याचे धैर्य नसेल, तर कपाट न घेणेच बरे.

हे ग्रंथ पूजेसाठीही नव्हेत. ॲरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन केले. स्वातंत्र्यावर अजोड ग्रंथ लिहिणारा मिल स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता, आणि ज्यांना तो मागासलेले समाज म्हणे त्यांस तो ते स्वातंत्र्य देऊ करीत नव्हता. पण मिलची ही चूक दाखविण्यास लागणारी शस्त्रे पुष्कळशी मिलच्याच ग्रंथात सापडतात. आगरकरांनी ती उचलली व स्वजनांच्याच रूढींवर चालविली. श्रेष्ठ ग्रंथाचे टिकाऊपण यातच आहे : तो आपल्या कर्त्याच्याही पुढे जातो.

पुणे-सातारा रस्त्यावरून आपली मुले रोज शहराकडे जातात. तेथे त्यांना नोकरी मिळेल, पैसाही मिळेल. पण स्वतःशी वाद घालण्याची सवय त्यांनी गावातूनच न्यावी, अशी आमची इच्छा आहे.

म्हणून विनंती एवढीच : कपाट घ्यावे. वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी आणि गाथा ठेवावी, शेजारीच साक्रेतिसाला जागा द्यावी. आणि कुलूप मात्र लावू नये. गावातील कोणाचेही मूल, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, तेथून पुस्तक घरी नेऊ शकेल, असा ठराव आजच व्हावा.