लाखेच्या तबकड्यांचं नवं आयुष्य

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे लावणीकार पठ्ठे बापूराव 1945 साली गेले. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे 2015 साली गेले. सातारा-सांगलीच्या या मातीतली लावणी आणि पोवाडा आता विनाइलवर पुन्हा यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जुनी तबकडी लाखेची. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. फडात रात्रभर रंगणारी लावणी तेवढ्यात बसवायची म्हणजे गाणाऱ्याची कसोटीच! विनाइलच्या एलपीवर मात्र एका बाजूला वीसेक मिनिटं मावतात. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, म्हणून सुईही जाड लागते. हे गाणं विनाइलवर आणायचं तर आधी जुनी तबकडी स्वच्छ करायची, योग्य सुईनं आवाज उतरवून घ्यायचा, मग खरखर कमी करायची. पण बेतानं, फार घासलं तर ढोलकीची थापच बोथट होते.

पुन्हा प्रकाशित करण्याआधी हक्कही पाहायला हवेत. आपल्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 60 वर्षांनी ध्वनिमुद्रणाचा हक्क संपतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र वेगळा तपासावा लागतो.

श्रोतेहो, माळ्यावर अशा तबकड्या असतील तर भंगारात देऊ नका. उन्हापासून दूर, उभ्या ठेवा आणि जाणकार संग्राहकाला दाखवा.