रानपिंगळ्याच्या मुलखात



घुबडांसाठी भरलेल्या या संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे शहाद्यात मनापासून स्वागत करतो. घुबडांचा विचार करायला माणसे एकत्र येतात, ही महाराष्ट्रात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुरंदर तालुक्यातील पिंगोरीत इला फाउंडेशनने 2018 मध्ये घुबड महोत्सव भरवला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात जागतिक घुबड परिषद झाली. तरीही या विषयासाठी शहाद्याचा मान वेगळा आहे असे आम्ही मानतो, आणि ते केवळ यजमानाच्या अभिमानापोटी नाही. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी, चांगल्या उजेडात, याच भागात सातपुड्याच्या पायथ्याशी एका झाडावर रानपिंगळा, म्हणजे एक छोटे घुबड, दिसला. त्याआधी 113 वर्षे या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद नव्हती. तो नामशेष झाला असावा, असे बहुतेक जाणकारांनी मनोमन धरले होते. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता, शहादे धुळे जिल्ह्यात होते. जगाच्या पक्षीशास्त्रात आपल्या तालुक्याचे नाव गेले ते त्या सकाळी.

या पक्ष्याची हकीकत जरा तपशिलाने सांगतो, कारण मला आज जे म्हणायचे आहे ते तिच्यातूनच निघते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पहिला नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. तो नमुना आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागातला होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून काही नमुने गोळा केले. 1884 पर्यंत सगळे मिळून सात नमुने जमले आणि त्यानंतर नोंदी थांबल्या. विसाव्या शतकात एक ठळक दावा पुढे आला. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या प्रसिद्ध ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळवल्याचे सांगितले होते. या दाव्यावर अनेक वर्षे कोणी शंका घेतली नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या मातब्बरांनी शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. नव्वदच्या दशकात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने एकेक करून तपासले. मांडवीचा म्हणून दाखवलेला पक्षी मुळात डेव्हिडसनचा होता. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ही खोटी नोंद बाजूला सारल्यावर पक्षी खरोखर कुठे होता हे स्पष्ट झाले. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे निघाले आणि शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा भेटला.

रानपिंगळा कुठल्या अगम्य दरीत दडून बसला होता, असे यात काहीच नाही. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. आपल्या गावोगावच्या साध्या पिंगळ्याशी त्याचे साम्य आहे, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती दाट तपकिरी, पोट पांढरे, आणि पाय पांढऱ्या पिसांनी जाडसर झाकलेले. इतका उघड पक्षी शतकभर हरवतो, याचे कारण त्याच्यात शोधण्यापेक्षा आपल्या पाहण्यात शोधावे लागते. चुकीच्या ठिकाणी पाहिले गेले, चुकीच्या कागदावर विसंबले गेले, आणि पिंगळा म्हणजे रात्रीचा पक्षी हे गृहीत धरले गेले. माझे म्हणणे थोडक्यात असे: घुबडांचे संवर्धन नीट पाहण्यापासून सुरू होते, आणि त्यांच्याविषयीच्या आपल्या भीतीने, भक्तीने आणि त्यांच्या उपयोगाच्या गणिताने या पाहण्यात सारखाच अडथळा आणला आहे.

भीतीचे उदाहरण मराठी माणसाला सांगायची गरज नाही. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून पाण्यात टाकते, दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजत जातो, ही समजूत महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांनी ऐकलेली आहे. घरावर घुबड बसणे अशुभ मानणारे आजही आहेत. पण आपल्याच परंपरेत याची दुसरी बाजूही आहे. पहाटे कंदील घेऊन दारोदार येणारा, पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असे सांगून भविष्य वर्तवणारा पिंगळा जोशी गावकऱ्यांनी आपुलकीने दारात उभा केला, त्याला धान्य घातले, आणि संतांनी त्याला भारुडात आणले. म्हणजे समाजाच्या मनात या पक्ष्याबद्दल नुसता तिरस्कार कधीच नव्हता, कुतूहलही होते. अंधश्रद्धेविरुद्ध बोलताना आपण गावकऱ्यांना अडाणी ठरवून सुरुवात केली तर हे कुतूहल आपण गमावून बसू. शिवाय मोठी हानी होते ती वेगळ्याच लोकांकडून. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या भारतीय शाखेने 2010 मध्ये अबरार अहमद यांच्या पाहणीवर आधारित अहवाल प्रसिद्ध केला. भारतात नोंदलेल्या घुबडांच्या तीस जातींपैकी पंधरा जाती चोरट्या व्यापारात आढळल्याचे त्यात आहे. दिवाळीच्या आधी ही मागणी वाढते. लक्ष्मीचे वाहन म्हणून पूज्य मानलेला पक्षी लक्ष्मीपूजनाच्याच सुमारास तांत्रिक विधींसाठी मारला जातो. पिंजऱ्यातल्या घुबडाला चांगली किंमत मोजणारा गिऱ्हाईक पाड्यावरचा नसतो, त्याच्या खिशात पैसे असतात आणि बहुतेकदा तो शिकलेला असतो. म्हणून शिक्षण पसरले की हा प्रश्न आपोआप सुटेल, हे मला पटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही 2013 पासून आहे. खरेदी करणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊन तो शिक्षेपर्यंत जाईल, तेव्हा हा बाजार बसेल.

भक्ती आणि भीती या दोन्हींना उत्तर म्हणून आपण पक्षीमित्र बहुधा उपयोगाचा मुद्दा पुढे करतो. घुबड उंदीर खाते, म्हणून ते शेतकऱ्याचा मित्र. हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात शृंगी घुबडाच्या आहारावर सतीश पांडे व नीलेश दहाणूकर यांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. घुबड ओकून टाकते त्या गोळ्यांतली न पचलेली हाडे तपासली की त्याने काय खाल्ले ते कळते, आणि शेतीच्या मुलखातल्या या घुबडांच्या आहारात पिकांची नासाडी करणाऱ्या उंदीर-घुशींचा मोठा वाटा दिसला. इस्राएलमध्ये बेत शआन खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी 1980 च्या दशकात गव्हाणी घुबडांसाठी शेतात लाकडी पेट्या बसवायला सुरुवात केली. उंदरांवरचे विष कमी करण्याचा हा प्रयोग इतका रुजला की पुढे सीमेपलीकडच्या जॉर्डनच्या शेतकऱ्यांनीही त्यात भाग घेतला. ऊस, केळी, पपई आणि कापूस पिकवणाऱ्या आमच्या तालुक्याला यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. इथे एक इशाराही द्यायला हवा. ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त न गोठू देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदावून उघड्यावर फिरतो, आणि घुबडाच्या हाती नेमका तोच सापडतो. एकाच बांधावर घुबडाची पेटी आणि हे विष ठेवणे म्हणजे पाहुण्याला बोलावून विषाचे ताट वाढणे आहे.

मात्र उपयोगाच्या गणितावर सगळी भिस्त ठेवली की ते सर्वात दुर्मीळ पक्ष्यापाशी येऊन अडते. रानपिंगळा राहतो सागाच्या विरळ, कोरड्या जंगलात. तो उंदीर खातो, पण त्याच्या आहारात सरडे आणि पालीही पुष्कळ असतात. ऊस-कापसाच्या शेतकऱ्याला त्याचा सांगण्यासारखा फायदा नाही. मग त्याला वाचवायचे नाही का? ज्या पक्ष्याच्या पुढे आपला हिशेब संपतो, त्याच्यासाठीच हे संमेलन अधिक आहे असे मी मानतो. त्याचे असणे आपल्या लाभावर अवलंबून नाही, आणि त्याचे नसणे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो इथे, नंदुरबार जिल्ह्यात, हलक्याने घेता येणार नाही. जिथे मुले कुपोषित आहेत, जिथून माणसे दरवर्षी ऊसतोडीला स्थलांतर करतात, तिथे एका छोट्या घुबडाची काळजी करणे शोभते का? हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असेल तर त्याला उत्तर मिळायला हवे. पायथ्याचे जंगल कसे गेले ते आधी पाहू. त्यातले काही शेतीखाली आले, काही चराई आणि लाकूडतोडीने विरळ झाले, हे खरे. पण तळोद्याच्या जंगलाची हजारो हेक्टर जमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी शासनानेच मोकळी केली होती. विस्थापितांना जमीन मिळणे न्यायाचेच होते. धरणाचा लाभ दूरच्या कालव्यांना गेला, बुडालेली गावे आदिवासींची होती, आणि त्यांना वसवण्यासाठी कापले गेलेले जंगलही आदिवासींच्याच शेजारचे होते. माणूस विरुद्ध घुबड अशी मांडणी करणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये. पावरा आणि भिल्ल समाजाला मोह, चारोळी, तेंदूपान, सरपण आणि पाणी ज्या जंगलातून मिळते, त्याच जंगलात रानपिंगळा राहतो. ते जंगल टिकण्यात दोघांचेही हित आहे. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे, आणि रानपिंगळ्याचे भवितव्य अभयारण्याच्या कुंपणाइतकेच या ग्रामसभांवर अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप वरवर सुखद आहे. रानपिंगळा आता ठिकठिकाणी सापडतो आहे, मग चिंता कशाची? 1997 नंतरच्या पहिल्या पाहण्यांत उत्तर महाराष्ट्र आणि नैर्ऋत्य मध्य प्रदेशातल्या चार ठिकाणी मिळून 25 पक्षी नोंदले गेले होते. पुढे मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खांडव्याकडची जंगले, गुजरातेतील पूर्णा अभयारण्य अशी यादी वाढत गेली. 2014 मध्ये तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात दिसला. आंतरराष्ट्रीय लाल यादीत 2018 मध्ये त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी बदलली. या बातमीने आनंद होणे स्वाभाविक आहे, पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. श्रेणी बदलली ती नव्या जागा हाती लागल्यामुळे. पक्षी वाढल्याचा पुरावा त्यात नाही. प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या आजही हजाराच्या आतच धरली जाते. तानसात तो 2014 मध्ये अवतरला नाही, आपण तिथे त्याला त्या वर्षी ओळखले.

पाहण्याचाही अतिरेक होतो, हे आपल्यासारख्या छंदिष्टांनी एकमेकांना सांगायला हवे. दुर्मीळ पक्ष्याची जागा समाजमाध्यमावर उघड झाली की कॅमेऱ्यांची रांग लागते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा समोर ओढले जाते. विणीच्या काळात हद्दीचे रक्षण करणारा नर त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर देत बसतो आणि तेवढा वेळ शिकार राहते. हे पाहणे नव्हे. या संमेलनातल्या पक्षीनिरीक्षण फेऱ्यांत आवाज वाजवायला आणि घरट्याजवळ जायला मनाई आहे. पाहुण्यांना नियम सांगणे यजमानाला अवघड जाते, तरी तो आपण पाळाल असा विश्वास आहे.

आता यजमान या नात्याने काही मागणे. पिंगळा, रानपिंगळा किंवा गव्हाणी घुबड स्वतः झाडात भोक पाडू शकत नाही. सुतार आणि तांबट यांनी कोरलेल्या, किंवा फांदी मोडून कुजून तयार झालेल्या ढोलीवर त्याला अवलंबून राहावे लागते. अशी ढोली बहुधा जुन्या, अर्धवट वाळलेल्या झाडात असते, आणि तेच झाड निकामी समजून आधी तोडले जाते. वनविभागाला आमची विनंती आहे की तोडीसाठी झाडांवर खुणा करताना ढोली असलेली झाडे वेगळी नोंदवून राखावीत. शेतकरी बंधूंना विनंती की बांधावरचा जुना आंबा, मोह किंवा वड सरपणासाठी देण्याआधी त्याच्या ढोलीत कोण राहते ते एकदा पाहावे. अभ्यासकांना विनंती की पाड्यावरच्या ज्या माणसाने पक्षी दाखवला, त्याचे नाव त्याच्या संमतीने आपल्या निबंधात छापावे. शाळांना विनंती की घुबडाने ओकलेल्या गोळ्या मुलांसमोर सोडवून त्यातली हाडे त्यांना मोजू द्यावीत. एका गोळीत उंदराची कवटी सापडलेले मूल पुढे घुबडावर दगड उचलायला सहजी तयार होणार नाही.

आपल्या चर्चेतून निघणारे ठराव आम्ही तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेपर्यंत पोहोचवू, हा स्वागत समितीचा शब्द आहे. ते ठराव अंमलात येण्याजोगे, नेमके आणि मोजता येतील असे असावेत, एवढेच आपल्याकडे मागतो.