मंडळ कशासाठीं?

गल्लींतील चार उत्साही शेजारी एकत्र आले कीं मंडळ स्थापन होतें. परंतु तें कशासाठीं, हा प्रश्न बहुधा मागाहून, वर्गणीवरून वाद झाल्यावर निघतो. घटनेंत ‘सभासदांची सर्वांगीण उन्नति’ असे शब्द असतात खरे. पण ते कोणासच नाकारतां येत नाहींत, म्हणून कोणासच बांधीतही नाहींत. एकास भजन ही उन्नति वाटते, दुसऱ्यास तालीम. आणि शिलकेचें काय करावें हें ठरत नाहीं.

ठाण्याचें उदाहरण पाहा. १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनीं तेथें जी संस्था काढली, तिचें नांव मराठी ग्रंथसंग्रहालय. उद्देश नांवांतच आला. पैसा ग्रंथांवर खर्चावा कीं समारंभावर, असें कोणी विचारल्यास उत्तर शोधावें लागत नाहीं. सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, पिढ्या बदलल्या; संस्था उभी आहे.

आपल्या मंडळाचा हेतु ठरवितांना दोन कसोट्या लावाव्या. वर्षअखेर ‘हें झालें’ किंवा ‘हें झालें नाहीं’ असें निःसंदिग्धपणें सांगतां यावें. आणि एखाद्या चांगल्या सूचनेसही ‘हें आपलें काम नव्हे’ असें म्हणतां यावें. ‘मुलांसाठीं रोज सायंकाळीं दोन तास अभ्यासिका उघडी ठेवणें’ हें वाक्य लहान आहे. पण किल्ली कोणाकडे, दिव्याचा खर्च कोणाचा, हें त्यामुळें ठरवावेंच लागतें. असें एक वाक्य सर्वांनीं मिळून, मतभेद मोकळेपणानें बोलून, लिहावें. वर्गणी त्यानंतर मागावी.