वेदीपाशी ठेवलेले अर्पण



रागावर बोलण्याचा अधिकार शांत माणसाचा, असे कुणालाही वाटेल. माझ्यापाशी तो नाही. बेळगावात मराठी शाळेत शिकवीत मला वीस वर्षे होत आली, आणि माझा आवाज भिंतीपलीकडे किती जातो हे शेजारच्या वर्गावरील शिक्षक सांगू शकतील. तेव्हा हे चार शब्द औषध घेत असलेल्या रोग्याचे आहेत, असे समजून ऐकावे.

आम्हां ख्रिस्ती पुरुषांजवळ रागाच्या समर्थनार्थ एक आयते प्रमाण असते. प्रभू येशूने यरुशलेमच्या मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून दिले आणि सराफांचे चौरंग पालथे केले. योहानाच्या शुभवर्तमानात तर दोऱ्यांचा कोरडाही आहे. घरात आवाज चढला आणि पत्नीने नुसते वर पाहिले, की ही कथा पुरुषाला हटकून आठवते. मीही ती वापरली आहे. परंतु तो कोरडा प्रभूने स्वतःच्या अपमानासाठी उचलला नव्हता. पुढे अटकेनंतर प्रमुख याजकासमोर एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा, मला का मारतोस, एवढेच त्याने विचारले. मार्काने आणखी एक प्रसंग नोंदविला आहे. हात वाळलेला एक माणूस सभास्थानात उभा असता, त्याला शब्बाथ दिवशी बरे करावे की नाही याविषयी लोक मूग गिळून बसले. प्रभूने त्यांच्याकडे रागाने पाहिले. त्या रागात दुःखही होते, असे मार्क सांगतो. आणि लगेच तो हात बरा झाला. आमच्या रागानंतर हात बरा झाल्याचे ऐकिवात नाही. तो कुणाच्या तरी गालावर उमटतो.

गालाचे म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी केली. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे. छडी आम्ही ठेवून दिली, जीभ मात्र तशीच राहिली.

गेल्या वर्षी एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, सातवीतला एक मुलगा अर्धा तास उशिरा आला. त्या आठवड्यातली त्याची ही तिसरी वेळ. माझ्या कानशिलांत ऊन उतरले आणि मी म्हणालो, ‘‘काय रे, बापाने घड्याळ विकून खाल्ले काय?’’ वर्ग खो खो हसला. मुलगा खाली मान घालून जागेवर बसला. मधल्या सुट्टीत दुसऱ्या एका मुलाने हळूच सांगितले, ‘‘सर, त्याच्या बाबांनी परवा दोन्ही माग विकले.’’ वडगाव-शहापूर भागात माग विकणे म्हणजे काय, हे बेळगावकरांना सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सेच्या वेळी भाकर व द्राक्षारस वेदीपाशी नेण्याचे काम त्या दिवशी नेमके माझ्याकडे होते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील प्रभूची आज्ञा मला पाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ती शिकवितो. अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा, मग परत यावे. आपल्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे प्रभू म्हणत नाही, हे मला त्या दिवशी पायऱ्यांवर प्रथम जाणवले. ज्याला लागले त्याने येऊन सांगावे, ही अपेक्षाच तेथे नाही. बारा वर्षांचा मुलगा शिक्षकाला काय सांगणार? आणि बायकोमुले तरी घरच्या कर्त्या पुरुषाला काय सांगतात? ती आवाज पाहून वागावयास शिकतात, आणि आपण त्याला घराची शिस्त म्हणतो.

मी अर्पण ठेवले, पण गेलो नाही. जागेवर येऊन गुडघे टेकले. घरी परतताना पत्नी म्हणाली, ‘‘अर्पण छान नेलंत. त्या पोराकडे कधी जाणार?’’

मला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत संत जेरोम वारंवार आठवला. पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणारा हा महापंडित रागाच्या बाबतीत आमच्याच बिरादरीतला. रुफिनस हा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. ओरिगेनच्या मतांवरून दोघांचे बिनसले. ३९७ साली यरुशलेमच्या पुनरुत्थान-मंदिरात त्यांनी हातात हात दिले, आणि लवकरच ते पुन्हा भांडले. रुफिनस सिसिलीत वारला, तरी यहेज्केलवरील भाष्याच्या प्रस्तावनेत जेरोमने त्याला विंचू म्हटलेच. तरीही तो संत ठरला, हा आम्हांला दिलासा. पण समेटाची ती जागा रिकामीच राहिली. उलट संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनविषयक ग्रंथात सांगितले आहे, की आपण रागाने वागलो हे ध्यानात येताच त्याच माणसाशी तत्काळ सौम्यपणाचे काही कृत्य करावे. जखम ताजी असतानाच लवकर भरते. माझी जखम, म्हणजे त्या मुलाची, चार दिवसांची शिळी झाली होती.

बुधवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर मागांच्या जागी दोन चौकोन तेवढे दिसत होते. मुलाचे वडील गडबडून उठले. ‘‘सर, तुम्ही कशाला आलात? पोरगंच उशिरा आलं होतं.’’ ते माझीच बाजू घेऊ लागले, हे मला सर्वांत जड गेले. मुलाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. वडिलांसमोर मी त्याला म्हणालो, ‘‘तुझ्या बाबांविषयी मी जे बोललो ते वाईट होते. माझे चुकले.’’ तो तांब्याकडे पाहत राहिला. अपमान वर्गासमोर झाला होता, म्हणून गुरुवारी पहिल्या तासाला तेच वर्गासमोर बोललो. त्या दिवशी कुणी हसले नाही.

राग अजून येतो. कानशिले तापू लागली की मी खडू खाली ठेवतो आणि पाठ फिरवून फळ्यावरची तारीख पुसून पुन्हा लिहितो. कधी साधते, कधी नाही. मुले ते ओळखून आहेत. सर तारीख लिहू लागले की वर्ग आपोआप गप्प होतो.

तो मुलगा आता आठवीत आहे, आणि घंटेच्या आधी येतो. मी समोरून आलो की नमस्कार करतो, पण वर पाहत नाही. मीही त्याला, वर पाहा, असे अद्याप म्हटलेले नाही.