गुडघा प्रत्यारोपणानंतर पायाची ठेवण : एका साधनाच्या चाचणीविषयी

(ट्रस्टच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले निवेदन)



संस्थेचा जमाखर्च आपल्यासमोर मांडला गेला आहेच. त्याच्या अनुषंगाने एका प्रस्तावाविषयी आम्ही निवेदन करू इच्छितो. गुडघा प्रत्यारोपणानंतर पाय योग्य स्थितीत ठेवणारे साधन अस्थिरोग विभागातील प्रत्येक खाटेसाठी घ्यावे, त्याचा खर्च आम्ही उचलू, अशी इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली आहे. या औदार्याबद्दल संस्था ऋणी आहे. तथापि सर्व साधने एकदम खरेदी न करता, प्रथम मोजकी घेऊन त्यांची रीतसर चाचणी करावी, असे आम्ही विश्वस्त मंडळास सुचविले आहे. त्यामागील भूमिका स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कष्टकऱ्यांचा सारा संसार गुडघ्यांच्या बळावर चालतो. कांद्याची लागवड, खुरपणी, ऊसतोडणी ही सारी कामे वाकून किंवा उकिडवे बसून करावी लागतात. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ती मर्यादा त्या वेळी करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती. त्यामुळे ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. परंतु सांधा बसविला म्हणजे काम संपले असे नाही. नवा गुडघा पूर्ण सरळ होणे आणि पुरेसा वाकणे, हे पुढील काही आठवड्यांच्या व्यायामावर व पायाच्या ठेवणीवर पुष्कळ अवलंबून असते.

येथे एक गोष्ट आप्तांनी आवर्जून ध्यानी घ्यावी. वेदना होतात म्हणून घरची माणसे मायेने गुडघ्याखाली उशी देतात. रुग्णाला तेवढ्यापुरते बरे वाटते; पण गुडघा दीर्घकाळ वाकलेला राहिला तर तो पुढे पूर्ण सरळ होत नाही आणि चालताना लंगड राहते. म्हणून डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर आधार टाचेच्या वरच्या भागाखाली द्यावा, गुडघ्याखाली नव्हे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही शल्यविशारद गुडघा मुद्दाम वाकवून ठेवतात. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा.

प्रस्तावित साधन हेच काम नेमकेपणाने करण्यासाठी आहे. फोमच्या खाचेत पोटरी विसावते, टाच अधांतरी राहते आणि पाय बाहेरच्या बाजूस कलंडत नाही. कल्पना चांगली आहे. परंतु तिला धोकेही आहेत. टाच टेकून राहिल्यास दाबाने जखम होऊ शकते. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, खालच्या अंगाला असलेल्या नसेवर दाब आल्यास पाऊल उचलण्याची शक्ती क्षीण होऊ शकते.

चांगली कल्पना आणि सिद्ध झालेला उपयोग यांत अंतर असते. टोरांटोचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट साल्टर यांनी १९७० मध्ये सांध्याला यंत्राने सतत हालचाल देण्याची संकल्पना मांडली. पुढे गुडघा हलविणारी अशी यंत्रे जगभरच्या रुग्णालयांत आली. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये २४ चाचण्यांतील १,४४५ रुग्णांच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध केला. तेव्हा गुडघा वाकण्यात या यंत्रामुळे पडणारी भर सरासरी २ अंशांच्या आसपास असल्याचे आढळले. एवढ्या अल्प लाभासाठी यंत्राचा खर्च व रुग्णाची गैरसोय योग्य आहे काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. आपल्या देणगीबाबत तोच प्रश्न आम्ही खरेदीपूर्वी विचारू इच्छितो.

चाचणीची रीत सोपी आहे. संमती देणाऱ्या रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट होतील. एका गटास हे साधन मिळेल. दुसऱ्या गटास नेहमीची टाचेखालील घडी. व्यायाम व औषधे दोघांनाही सारखीच. गुडघ्याचा कोन मोजणाऱ्या फिजिओथेरपिस्टला रुग्ण कोणत्या गटातील आहे हे सांगितले जाणार नाही. वेदना शून्य ते दहा या मापात नोंदविल्या जातील. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत बसण्यास लागणारा वेळ पाहिला जाईल. टाचेची त्वचा व पावलाची हालचाल रोज तपासली जाईल. आपल्या जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. मोजमापाच्या बाबतीत तेथील तज्ज्ञांचे मार्गदर्शन घ्यावे, असाही आमचा मानस आहे.

धर्मादाय रुग्णालयात संमतीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. ज्याचे बिल माफ झाले आहे, त्याला 'नाही' म्हणणे जड जाते. म्हणून संमतीपत्रक मराठीत असेल आणि वाचता न येणाऱ्यास ते साक्षीदारासमक्ष वाचून दाखविले जाईल. नकार दिल्याने सवलतीत वा सेवेत तसूभरही फरक पडणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिमत्ता समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही असतो. या समितीची मान्यता आणि २००७ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीतील नोंद झाल्यावाचून पहिला रुग्ण घेतला जाणार नाही.

साधन उपयुक्त ठरले तर उर्वरित खरेदी आपल्याच देणगीतून होईल. घडी केलेल्या चादरीनेही तेच साधते असे दिसले, तर तो निधी, देणगीदारांच्या अनुमतीने, घरी जाऊन व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या सेवेसाठी वापरता येईल. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो याच अहवालाच्या पुढील अंकांत आकड्यांसह छापला जाईल.

देणगीदारांचा रुपया आणि रुग्णाचा विश्वास या दोन्ही ठेवी आहेत, आणि दोहोंचा हिशेब देण्यास आम्ही बांधील आहोत. या प्रस्तावास आपण अनुमती द्यावी, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.