नोंदी ठेवणाऱ्यांचं मनोरीत स्वागत



कुणी मार्व्याहून फेरीबोटीने आलात, कुणी भाईंदर-उत्तनचा लांबचा रस्ता धरलात. संमेलनाच्या स्वागत समितीच्या वतीने महाराष्ट्रभरातून आलेल्या तुम्हा सर्व निसर्गमित्रांचं मनापासून स्वागत करतो. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही खाडीपलीकडे राहिलेलं हे आमचं मनोरी गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तिवरांचं रान. थंडीत कुरव, तुतारी, चिखल्या इथे उतरतात आणि ओहोटीला खडक उघडे पडले की तुमच्यासारख्यांचा पाय तिथून निघत नाही.

निसर्गवेड्यांनी एकत्र बसण्याची रीत या शहरात जुनी आहे. 15 सप्टेंबर 1883 रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. सहा जण ब्रिटिश होते. उरलेले दोघे आपले : प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. आपापली निरीक्षणं एकमेकांना सांगायची, मिळालेले नमुने दाखवायचे, एवढ्यासाठी ही माणसं जमत. 1886 पासून त्या गप्पांचं नियतकालिक झालं आणि ते अजून चालू आहे.

पुढे याच सोसायटीत एक शाळकरी मुलगा मारलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ही कोणती चिमणी, हे त्याला विचारायचं होतं. सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला परत पाठवलं नाही. पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. मला या गोष्टीत मिलार्डसाहेब फार मोठे वाटतात. जाणकारांच्या बैठकीत नवख्याला कसं वागवलं जातं, यावर त्या बैठकीचं पुढचं आयुष्य ठरतं. आज इथे पहिल्यांदाच आलेली पोरं मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांच्या प्रश्नांना वेळ द्या, ही माझी पहिली विनंती.

ब्रिटनमध्ये अशाच हौशी लोकांनी केवढं काम केलं, ते पाहण्यासारखं आहे. टोप्यांवर पक्ष्यांची पिसं मिरवायची नाहीत, असा निश्चय करून एमिली विल्यमसन आणि त्यांच्या मैत्रिणींनी 1889 मध्ये मँचेस्टरजवळ पक्षिरक्षणाची संस्था सुरू केली. तीच आजची आरएसपीबी. या संस्थेच्या सांगण्यावरून 1979 पासून दर जानेवारीत सामान्य माणसं आपल्या बागेतले पक्षी तासभर मोजतात. तिथल्या बागांतली घरचिमणी निम्म्याहून कमी झाली, हे या मोजणीतून दिसलं. एकट्याची नोंद छोटी असते, पण वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच पद्धतीने अनेकांनी ठेवलेली नोंद पुरावा होते.

आपल्याकडेही हे घडतं आहे. पक्षिमित्रांचं पहिलं संमेलन 1981 मध्ये लोणावळ्याला भरलं. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला लोकांना घेऊन मुंबईचे किनारे फिरतात, आणि गिरगाव, हाजीअलीच्या खडकांत एवढं जिवंत जग आहे हे कित्येक मुंबईकरांना तेव्हा कुठे कळलं.

पण मित्रहो, एक गोष्ट मनात आहे ती बोलतो. भांगाच्या दिवसांत कुठला खडक उघडा पडत नाही, उधाणाच्या ओहोटीला कालवं कुठे मिळतात, कुठल्या चिखलात निवट्या असतात, तिसऱ्या कुठे कमी झाल्या, हे आमच्या गावच्या बायकांना ठाऊक आहे. त्यांनी ते आयांकडून, सासवांकडून घेतलं. हे कुठल्याच वहीत नाही. त्यांना वाट दाखवायला बोलावू नका, संमेलनात बोलायला बोलवा. त्यांनी सांगितलेलं छापाल तेव्हा त्यांच्या संमतीने त्यांचं नावही छापा. म्हणूनच उद्याचं पहिलं सत्र या बायकांचं ठेवलं आहे, आणि ते मराठीत होईल.

या नोंदींची घाई का, तेही सांगतो. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मनोरीत नियोजित आहे, सुरुवातीला दिवसाला 20 कोटी लिटर क्षमतेचा. शहराला पाणी हवं, हे कुणी नाकारत नाही. मात्र अशा प्रकल्पातून मीठ काढून उरलेलं जास्त खारं पाणी पुन्हा समुद्रात जातं. ते कुठे आणि किती सोडलं जाईल, त्या ठिकाणी आज काय जगतं, हे आधी लिहून ठेवलं नाही तर नंतर काय गेलं ते सांगायचं कशाच्या आधारावर? 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी घातली, तीही नागरिकांची एक संस्था न्यायालयात गेली म्हणून. उद्या कुणी आपल्याला विचारलं, तर तारीख, जागा आणि फोटो आपल्या हातात असले पाहिजेत.

शेवटी थोडं कामाचं. उद्या सकाळी ओहोटी मोठी आहे, किनाऱ्यावरची फेरी वेळेवर निघेल. उचललेला दगड होता तसाच खाली ठेवा, त्याच्या पोटाशी प्राणी चिकटलेले असतात. घरट्यांचे फोटो काढू नका आणि घुबडांच्या जागा कुणाला कळवू नका. राहण्याची सोय गावातल्या घरांत केली आहे. घरच्यांनी मासळीचं जेवण केलं आहे, शाकाहारी मंडळींची पंगत वेगळी आहे. काही कमीजास्त वाटलं तर हक्काने मला सांगा.

आता संमेलनाध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.