सैन्य पाठवण्यापूर्वीचे तीन प्रश्न

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



ऑगस्ट २०२४ मधील एक संध्याकाळ मला आठवते. ५ ऑगस्टला शेख हसीना यांना ढाका सोडावे लागले होते. मुजीबुर रहमान यांचे पुतळे पाडले जात होते आणि हिंदूंच्या घरांवर, मंदिरांवर हल्ले झाल्याच्या वार्ता येत होत्या. मी एका स्नेह्यांच्या घरी बसलो होतो. बातम्या पाहता पाहता त्यांचा अभियांत्रिकीला शिकणारा मुलगा उसळून म्हणाला, "काका, १९७१ मध्ये आपण सैन्य पाठवले होते ना? मग आता का नाही? सरकार कशाची वाट पाहत आहे?"

त्याच्या वडिलांनी त्याला गप्प केले. पण त्याचा संताप खोटा नव्हता. आपल्या माणसांवर अत्याचार होत असताना ज्याचे रक्त तापत नाही, तो तरुण कसला? मी त्या वेळी काहीतरी थातुरमातुर बोललो आणि विषय बदलला. ते उत्तर राहून गेले ते गेलेच. आज येथे आपल्यासमोर ते देण्याचा प्रयत्न करणार आहे.

परक्या भूमीवर सैन्य पाठवण्याचा निर्णय हा राज्यकर्त्याच्या विवेकाची सर्वांत कठोर परीक्षा असतो. शौर्याची परीक्षा सैनिक देतो, आणि भारतीय सैनिक त्या परीक्षेत कधी अनुत्तीर्ण झालेला नाही. परीक्षा असते ती आदेश देणाऱ्याची. ती पाहण्यासाठी तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. आपण कशासाठी जात आहोत? कोणाच्या संमतीने जात आहोत? आणि परत केव्हा येणार आहोत?

१९७१ : वाट पाहण्याचे धैर्य

डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६९ पैकी १६७ जागा अवामी लीगने जिंकल्या. बहुमत मिळवलेल्या त्या पक्षाला सत्ता देण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर स्वतःच्याच नागरिकांवर तुटून पडले. निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडू लागले आणि वर्षअखेरपर्यंत त्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. त्यांतील बहुसंख्य हिंदू होते. ३१ मार्चला आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमताने संमत केला.

मग सैन्य लगेच का गेले नाही? सरसेनापती माणेकशा यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले की, एप्रिलमध्ये त्यांना विचारणा झाली तेव्हा त्यांनी तयारी नसल्याचे स्पष्ट केले. पावसाळा तोंडावर होता, बंगालच्या नद्या समुद्राचे रूप घेणार होत्या, फौजा विखुरलेल्या होत्या आणि हिमालयाच्या खिंडी चीनसाठी मोकळ्या होत्या. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ते ऐकून घेतले. देशातील वातावरण तापलेले होते. बांगलादेशाला तत्काळ मान्यता द्यावी म्हणून जनसंघाने आंदोलन केले होते. ती मागणी मनापासूनची होती, पण युद्धाचा मुहूर्त रस्त्यावरच्या घोषणांनी ठरला नाही, हेही आज मोकळेपणाने मान्य करायला हवे.

ते आठ महिने सरकार स्वस्थ बसलेले नव्हते. निर्वासितांना अन्न आणि निवारा दिला गेला. मुक्तिवाहिनीला साहाय्य केले गेले. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान स्वतः पाश्चात्त्य राजधान्यांत जाऊन आल्या. युद्ध अटळ दिसत असतानाही श्रीकृष्ण पाच गावांची मागणी घेऊन हस्तिनापुराला गेला होता, याचे स्मरण येथे होते. शिष्टाई यशस्वी होईल अशी त्याची भाबडी समजूत नव्हती. पण शांततेचा शेवटचा दरवाजा आपण बंद केलेला नाही, हे जगाला आणि स्वतःच्या अंतःकरणालाही ठाऊक असावे लागते.

३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार जण युद्धबंदी झाले. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युद्धबंदीचा आणि सैन्य मागे घेण्याचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी केला. जगाचे बहुमत आपल्या बाजूने नव्हते, तरीही इतिहासाने आपल्याला आक्रमक ठरवले नाही. त्याचे कारण तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य परत आले होते. बांगलादेशाची एक इंचही भूमी आपण ठेवून घेतली नाही. निर्वासित आपल्या घरी गेले.

यात भारताचा स्वार्थ नव्हता का? होता. पाकिस्तान दुभंगणे आपल्या हिताचेच होते. पण राज्यकर्ता संन्यासी नसतो. धर्म आणि हित एका दिशेने चालत असतील तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. हित धर्माचा मुखवटा घालून येते आणि मग मुक्काम ठोकते, तेव्हा अधर्म सुरू होतो.

१९८७ : उद्दिष्ट हरवलेली मोहीम

आता दुसरे चित्र पाहू. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तमिळांना प्रांतिक अधिकार मिळावेत, तमिळ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवावीत आणि भारतीय शांतिसेनेने त्यावर देखरेख करावी, अशी योजना होती. हेतू वाईट नव्हता. १९८३ च्या दंगलींत श्रीलंकेतील तमिळांनी जे सोसले, त्याकडे भारताला पाठ फिरवता आली नसती.

परंतु दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना श्रीलंकेच्या नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तेव्हाच सिंहली समाजाच्या मनात काय आहे हे दिसले होते. ज्या 'लिट्टे'ने शस्त्रे ठेवायची, ती करारावर स्वाक्षरी करणारी नव्हतीच. त्यातील अनेकांना पूर्वी आपल्याच भूमीवर शस्त्रांचे शिक्षण मिळाले होते. ऑक्टोबरमध्ये शांतिसेनेला त्यांच्याविरुद्धच युद्ध सुरू करावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस जण धारातीर्थी पडले. शांतता राखायला गेलेली फौज अडीच वर्षे गनिमी युद्धात अडकली.

याच युद्धात २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी हौतात्म्य पत्करले. त्यांचा जन्म मुंबईचा. शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी शत्रूला मागून वळसा घातला. छातीत गोळी लागली असतानाही समोरच्याची बंदूक हिसकावून त्यांनी त्याला टिपले आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या माणसांचे नेतृत्व केले. शांतिसेनेला मिळालेले ते एकमेव परमवीरचक्र.

या सैनिकांच्या पराक्रमापुढे आपण नतमस्तक होतो आणि व्हायलाच हवे. पण आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना जीभ जड होते. त्याच ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या फौजेच्या कारवाईत रुग्ण आणि कर्मचारीही मारले गेले. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्याच मनात भीती बसली. शत्रू नागरी वेशात, नागरी वस्तीत आणि आपल्याला उद्दिष्ट एक सांगून काम दुसरेच दिलेले, अशा ठिकाणी नियमित सैन्य लोटले की असे घडते. त्याचा जाब गोळी झाडणाऱ्याला विचारावाच लागतो. पण त्याला तेथे उभे करणाऱ्या धोरणालाही तो विचारला पाहिजे.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी शांतिसेनेला निघून जाण्यास सांगितले, इतकेच नव्हे तर तिच्याविरुद्ध लढणाऱ्या 'लिट्टे'लाच शस्त्रे पुरवली. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. मद्रासच्या बंदरावर या सैनिकांच्या स्वागताला राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आणि २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला या धोरणाची किंमत राजीव गांधींनी स्वतःच्या प्राणांनी मोजली.

पत्रकारितेच्या आरंभीच्या काळात सातारा जिल्ह्यातील एका गावी जाफन्याहून परतलेला एक हवालदार मला भेटला होता. गावाच्या वेशीवर पहिल्या महायुद्धापासूनच्या सैनिकांच्या स्मरणार्थ शिला होती. तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "साहेब, एकाहत्तरला गेलेल्यांना ठाऊक होतं कुणाशी लढायचं ते. आम्हाला जाताना सांगितलं, भांडण मिटवायला चाललाय. तिथं गेल्यावर कळलं, भांडण आता आपलंच झालंय." रणनीतीवरचे अनेक ग्रंथ पुढे मी वाचले. त्या मोहिमेचे याहून नेमके वर्णन मला कुठे सापडले नाही.

जाणे आणि न जाणे

याच काळात एक लहान पण आदर्श मोहीम झाली. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सैनिकांनी उठाव केला आणि राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले छत्रीधारी सैनिक हुलहुलेच्या धावपट्टीवर उतरले. उठाव मोडला आणि बहुतेक सैन्य थोड्याच दिवसांत परतले. तिन्ही प्रश्नांची उत्तरे विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच स्पष्ट होती.

दुसरे उदाहरण न जाण्याचे आहे. २००३ मध्ये अमेरिकेने इराक जिंकल्यावर तेथील बंदोबस्तासाठी भारताने मोठी फौज पाठवावी अशी विनंती केली. महासत्तेची मैत्री, पुनर्बांधणीची कंत्राटे, जागतिक प्रतिष्ठा अशी प्रलोभने दाखवणारे देशातही कमी नव्हते. संसदेने एप्रिलमध्येच त्या युद्धाची 'निंदा' करणारा ठराव केला होता. अटलजींच्या सरकारने सर्वांशी विचारविनिमय केला आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने १४ जुलै २००३ रोजी नकार कळवला. त्यानंतरच्या काही वर्षांत इराकमध्ये जे घडले, ते पाहता त्या नकाराने किती मातांची कूस राखली याची आपण केवळ कल्पनाच करू शकतो.

कौटिल्याने परराष्ट्रनीतीचे सहा गुण सांगितले, त्यांत 'यान' म्हणजे चढाई आहे, तसेच 'आसन' म्हणजे स्वस्थानी दृढ राहणेही आहे. संधी आणि विग्रह यांतून सारखाच लाभ होणार असेल तर संधी पत्करावी, असे त्याचे मत आहे, कारण युद्धात मनुष्यहानी, खर्च आणि घरापासून दूर राहणे हे सारे आलेच. ज्याला आपण कठोर राजनीतीचा आचार्य म्हणतो, तो हे सांगतो. बसून राहणे म्हणजे भ्याडपणा, हे समीकरण आपल्या परंपरेचे नाही.

त्या तरुणाला उत्तर

आता मी त्या मुलाकडे परत येतो. १९७१ मध्ये एक कोटी निर्वासित आपल्या दारात होते, निवडून आलेले नेतृत्व आपली मदत मागत होते, स्वतःच्या मुक्तीसाठी लढणारी जनता आपल्या बरोबर होती आणि शेवटी आघात आपल्यावरच झाला. २०२४ मध्ये सैन्य धाडले असते तर कोणाच्या संमतीने? सीमा ओलांडल्यावर कोणते उद्दिष्ट साधल्यावर परत आलो असतो? आणि तेथील सव्वा कोटीहून अधिक हिंदूंना आपण मागे सोडून आलो असतो, तेव्हा त्यांच्या घराबाहेर उभे कोण राहिले असते? त्यांच्या रक्षणाच्या नावाखाली आपण त्यांनाच ओलीस ठेवले असते.

म्हणजे सरकारने हात बांधून बसावे असे नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी आपले परराष्ट्र सचिव ढाक्याला गेले आणि अल्पसंख्याकांच्या सुरक्षेचा प्रश्न त्यांनी तेथे मांडला. हे काम नेटाने, न थकता चालवणे. व्यापार, पाणी, वीज यांतून निर्माण झालेले वजन वापरणे. सीमा दक्ष ठेवणे. जीव वाचवून आलेल्याला आसरा देणे, हा शासनाचा धर्म आहे. त्यात कसूर झाली तर सरकार कोणत्याही पक्षाचे असो, त्याला धारेवर धरले पाहिजे.

आणि 'इतके करूनही ते उपकार विसरले' ही खंत आपण सोडून द्यावी. ढाक्यात मुजीबांचे पुतळे पडले. ज्या मालदीवला आपण वाचवले, तेथून २०२४ मध्ये आपल्या विमानांची देखभाल करणाऱ्या सैनिकांना परत बोलवावे लागले. हस्तक्षेपातून कृतज्ञता विकत मिळत नाही. योग्य म्हणून जे केले, ते योग्यच राहते.

एक शेवटची गोष्ट. परदेशी सैन्य पाठवण्यासाठी संसदेची पूर्वसंमती घेण्याचे बंधन आपल्या घटनेत नाही. निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. म्हणूनच हे तीन प्रश्न विचारण्याची जबाबदारी तुमच्या-माझ्यावर अधिक येते, आणि ती फौज निघण्यापूर्वीची आहे. सैनिक प्रश्न विचारत नाही. तो आदेश पाळतो. त्याच्या वतीने प्रश्न विचारणे हा राष्ट्रद्रोह नसून त्याच्याप्रती आपले ऋण आहे.

साताऱ्याच्या त्या गावी निघताना मी हवालदाराला विचारले होते, "पुन्हा आदेश आला असता तर गेला असता?" तो हसला. "साहेब, आम्ही जाणारच. म्हणून तर पाठवणाऱ्यानं विचार करायचा."

याहून वेगळे मला काही सांगायचे नाही.